मुलीकडे निघालेल्या सभासदांसाठी एक टेबल मांडा : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
इंदूरमधील सर्व मराठी मंडळे, समाज आणि ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की तुमचा माणूस वर्गणीचं पुस्तक घेऊन येतो, दिवाळीत पाडव्याच्या पहाटेच्या गाण्यांची पत्रिका येते, मुंबई-पुण्याचं नाटक आलं की फोन येतो. हे सगळं तुम्ही निगुतीने करता आणि मी आजीव सभासद म्हणून त्याचा पुरेपूर लाभ घेते. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं नाही, मागणीचं आहे.

तुमची सभासदांची यादी एकदा वेगळ्या नजरेने वाचा. सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर, रामबाग, कुठलीही गल्ली घ्या. ज्या घरी आज नवरा-बायको दोघंच उरलेत, तिथे विचारा मुलं कुठे असतात. एक बंगळुरूला, एक बाहेर. आणि ‘बाहेर’ म्हणजे आता देवास-उज्जैन नव्हे, परदेश. त्या बाहेरच्या मुलीला दिवस गेले की इथे धावपळ सुरू होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मुलीला आणायला भाऊ जायचा, सातव्या महिन्यात ती यायची आणि सव्वा महिना उलटल्यावर बाळाला घेऊन परत जायची. आता माहेरच तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा भरून निघतं. हा आपल्या सभासदांच्या उतारवयातला सगळ्यात मोठा प्रवास असतो, आणि त्यात आपल्या मंडळांचा, माझ्या पाहण्यात तरी, काडीचा हात नसतो. हे काम आपण व्हिसा काढून देणाऱ्या एजंटांवर सोडून दिलंय.

माझी मागणी एवढीच : महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सभागृहात एक टेबल मांडा. जे जाऊन आलेत ते बसतील, जे निघालेत ते आपापली फाइल घेऊन येतील. बस.

हे का हवं, ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक काका-काकू संध्याकाळी घरी आले. काका वीज मंडळातून निवृत्त. मुलगी न्यू जर्सीत, सहावा महिना. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली होती, अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढलेलं होतं, डोंबिवलीच्या भाच्याकडे उतरायचं ठरलं होतं. “तुम्ही बँकेत होतात, कागदांवरून एक नजर टाका,” एवढंच त्यांचं म्हणणं. एजंटाने दिलेली झुळझुळीत फाइल उघडून मी अमेरिकेच्या अर्जाची, म्हणजे डीएस-160ची प्रत मोठ्याने वाचायला घेतली. व्यवसाय : व्यापार. भेटीचं कारण : पर्यटन. मुक्काम : न्यूयॉर्कमधलं एक हॉटेल. अमेरिकेत जवळचं कुणी नातेवाईक आहे का : नाही. काकू चहाचा कप हातात धरून ऐकत होत्या. इथवर आल्यावर त्या काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “अहो, म्हणजे आपली पोर तिकडे नाहीच?”

आम्ही तिघंही हसलो, पण ते हसणं फार टिकलं नाही. कारण त्या अर्जात आणखी एक प्रश्न असतो : हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? तिथेही एजंटाने ‘नाही’ ठोकून दिलं होतं. आणि दुसऱ्याने भरला तरी शेवटची डिजिटल सही अर्जदाराची धरली जाते. सगळी माहिती खरी आहे, अशी कबुली काकांच्या नावावर होती. सदतीस वर्षं मीटर रीडिंगच्या वहीत एक आकडा खोडला नाही असा हा माणूस.

एजंटाचा हिशोब साधा असतो. मुलगी तिकडे आहे म्हटलं तर ‘हे परत येणार नाहीत’ असं साहेबाला वाटेल, म्हणून मुलगीच गाळा. बाळंतपणाचं नाव काढलं तर आणखी प्रश्न, म्हणून पर्यटन लिहा. त्यातला अर्धा भाग खरा आहे. अमेरिकेच्या कायद्यात पाहुणा म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ‘हा इथेच राहायला आलाय’ असंच गृहीत धरतात आणि तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. बहुतेकांचा व्हिसा ज्या 214-बी कलमाखाली नाकारला जातो ते कलम हेच. पण त्यावर उपाय खोटं बोलणं हा नव्हे. नुसता नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर अमेरिकेचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं. कॅनडात त्याला पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांची. साठी-सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मी लिहायला नको. एजंट तोवर पुढच्या गिऱ्हाइकाची फाइल शिवत असतो.

काकांनी नवा अर्ज भरला. मी शेजारी बसले, टाइप त्यांनीच केलं, एका बोटाने. निवृत्त, पेन्शन इतकी, घर स्वतःचं, धाकटा मुलगा इंदुरातच, मोठी मुलगी न्यू जर्सीत, तिच्या घरी राहणार, तिला मूल होणार आहे. नव्या अर्जाचा नंबर मुलाखतीच्या तारखेला जोडून घेतला. मुंबईच्या वकिलातीत मराठीत उत्तरं देता येतात, हे एजंटाने त्यांना सांगितलंच नव्हतं. उलट घोकायला इंग्रजी वाक्यांचा कागद दिला होता. काका खिडकीशी मराठीत बोलले. पोरीकडे जातोय, नातवंड बघून दिवाळीपर्यंत परत येतो, इथे घर आहे, मुलगा आहे. व्हिसा मिळाला. उद्या दुसऱ्या कुणाला खरं बोलून नाही मिळाला, तर त्याबद्दल मी टेबल मांडणाऱ्यांना दोष देणार नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील की मुलं हुशार आहेत, ती ऑनलाइन सगळं करतात. करतात ना. रात्री अकराला, आपल्या मीटिंगा संपल्यावर, पोट सांभाळत. आणि मग आई-बाबांना फोनवर सांगतात, “तुम्ही फक्त सही करा.” म्हणजे एजंटाच्या जागी मुलगी आली, वाचलं कुणीच नाही. विमानतळावर खिडकीपुढे उभं राहायची वेळ येते तेव्हा मुलगी काचेच्या पलीकडे असते.

तिथे काय होतं तेही ऐका. अमेरिकेचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की दहा वर्षं हवं तेव्हा हवं तितकं राहा. व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-94 नावाच्या ऑनलाइन नोंदीत असते. उतरल्यावर दोन दिवसांत ती नोंद उघडून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायची. ती तारीख ओलांडली की उरलेला व्हिसा आपोआप रद्द. मुदत वाढवून घ्यायची असेल तर तारखेच्या आधी अर्ज करावा लागतो, नंतर नाही.

आणि अधिकारी विचारतो, कशासाठी आलात? आपली माणसं भाबडेपणाने सांगतात, “नातवाला सांभाळायला.” आपल्या भाषेत यात वावगं काही नाही. त्याच्या कानाला मात्र ते नोकरीसारखं लागतं : पाळणाघराचे पैसे वाचवायला माणूस आणलाय. पाहुण्याच्या व्हिसावर काम करायला मनाई आहे, पगार नसला तरी अशा उत्तरावरून उलटतपासणी होऊ शकते. ब्रिटनने तर आपल्या नियमावलीत हे लिहूनच ठेवलंय की आजी-आजोबांनी भेटीला येऊन मुलाकडे बघितलं तर चालेल, पण ती थोड्या दिवसांची भेट असावी आणि त्यांना दाई म्हणून राबवलेलं नसावं.

इथे मला तुमच्या सभासदांच्या मुलींनाही दोन शब्द सांगायचे आहेत, तुमच्यामार्फत. नातीला न्हाऊमाखू घालणं, रात्री एकदा उठून तिला खांद्यावर घेणं, यात आम्हाला कष्ट नाहीत. पण पहिले सहा महिने आई, पुढचे सहा महिने सासूबाई, मग पुन्हा आई, असं वर्षभराचं ड्यूटीचं वेळापत्रक करून ठेवायचं आणि अर्जात ‘भेट’ लिहायचं, हे मला पटत नाही. मदत हवी असेल तर आधी आईला नीट विचारा. तिचे गुडघे, तिची भिशी, तिचं इथलं जग यांचाही हिशोब धरा. आणि बाबांना तिकडे दिवसभर काय करायला आहे, याचा विचार तिकीट काढण्याआधी करा. गाडी चालवता येत नाही, कोपऱ्यावर पोहे-जिलबी नाही, खिडकीतून दिसतो तो फक्त शेजारच्याचा गवत कापायचा यंत्रगाडा. शनिवार-रविवारी नायगारा दाखवून सोमवार ते शुक्रवार भरून निघत नाहीत.

माझी स्वतःची मुलगी जर्मनीत, श्टुटगार्टला. तिथलं गणित निराळं. युरोपातल्या शेंगेन करारातले 29 देश मिळून पाहुण्याला कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस मिळतात. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजतात. मध्ये चार दिवस पॅरिस बघून आलात तरी ते याच नव्वदात. पूर्वी शिक्क्यांवरून मोजदाद व्हायची, ऑक्टोबर 2025पासून बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात झालीय, तेव्हा ‘एखाद-दोन दिवस कोण बघतंय’ हे विसरा. पहिलटकरणीचं बाळंतपण दिलेल्या तारखेच्या पुढे जाऊ शकतं. आई महिनाभर आधी जाऊन बसली तर बाळ आल्यावर हातात दोनच महिने उरतात. म्हणून आम्ही दोघी विहिणींनी फोनवर बसून वाटणी केली. नाशिकच्या विहीणबाई म्हणाल्या, बाळंतपण तुम्ही करा, मी तुमची मुदत संपली की जाते. त्यामुळे लेकीला सहा महिने घरात माणूस मिळालं आणि कायद्याला हात लावावा लागला नाही. अशी वाटणी करता येते, हेच किती घरांत ठाऊक नसतं. दोन्ही जोडपी एकदमच जातात, बारशाचे फोटो झकास येतात, आणि चौथ्या महिन्यात घर रिकामं.

शेंगेनच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, हे सगळे करतात. पण तो काय देतो हे कुणी वाचत नाही. आधीपासूनचा रक्तदाब, साखर, बायपास हे बहुतेक प्रवास-विम्यांत एकतर वगळलेलं असतं किंवा जिवावर बेतलं तरच धरतात. आणि हा आजार अर्जात लपवला असेल तर तेही नाही. विमा स्वस्तातला की महागातला, ही चर्चा नंतरची. पॉलिसीतलं ‘वगळलेल्या बाबी’ हे पान आधी. कॅनडाला जाणाऱ्यांसाठी मात्र सुपर व्हिसा नावाची चांगली सोय आहे. 2022च्या जुलैपासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलीचं किंवा जावयाचं ठराविक उत्पन्न, डॉक्टरी तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. आपल्याकडे अनेक जण कॅनडाला साध्या पाहुण्याच्या व्हिसावर जातात, कारण एजंटाला तोच अर्ज भरता येतो.

जर्मनीत बाळंतिणीकडे घरी सुईण येते. तिला हेबामे म्हणतात; शिकलेली, परवाना असलेली, आणि तिचा खर्च सरकारी विम्यातून होतो. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते. आमच्याकडे यायची ती सायकलवरून, पाठीला पिशवी लावून. आल्यावर आधी हात धुवायची, मग एका कापडी झोळीत नातीला घालून हातातल्या ताणकाट्याला अडकवायची आणि काटा डोळ्यांसमोर धरून वजन वाचायची. आपल्याकडे रद्दीवाला धरतो ना, तस्सं. माझा जीव खालीवर. ती मात्र शांतपणे ग्रॅम सांगायची आणि वहीत लिहायची. मी इंदूरहून हौसेने शिवून नेलेली मोहरीची उशी तिने दोन बोटांनी दाबून बघितली, हसली आणि कपाटावर ठेवून दिली. तान्ह्या बाळाला उताणं निजवायचं, पाळण्यात उशी, दुलई, काही नाही. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही. हे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात, पण इथे आपण ऐकून सोडून देतो. तिथे आजी आणि सुईण यांच्यात ओढाताण झाली की मधल्यामध्ये बाळंतीण रडते. मंडळाच्या सभासदांत निम्मे डॉक्टर आहेत असं संमेलनाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातींवरून दिसतं. त्यांतल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी निघणाऱ्या आज्यांशी तासभर बोलावं. तेल कुठलं, शेक कितपत, गुटी का नको, हे आपल्या माणसाकडून कळलं तर पटतं.

बॅगांचंही तेच. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचे हे ठरलेलं. पण दुधामांसाचे पदार्थ युरोपात प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. डिंक न्या, तूप तिकडच्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवा, रवाळ होतं, आपल्यापेक्षा काकणभर सरसच. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत आपल्याच विमानतळांवर चालत नाहीत. सुकं खोबरं पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं. पॉवर बँक उलट फक्त हातातल्या बॅगेत. आणि मुलगी दुबई-अबुधाबीला असेल तर खसखस. त्या देशात खसखशीवर अमली पदार्थ म्हणून बंदी आहे. लाडवात, अनारशावर, मसाल्याच्या पुडीत चिमूटभर खसखस घालून नेणारी आजी सीमाशुल्काच्या टेबलापुढे काय समजावून सांगणार? हे कुणीतरी तिला निघण्याआधी सांगायला हवं, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चाळीस खऱ्याखोट्या सूचनांमधली एक म्हणून नव्हे. शेवेवर अजून कुठल्या देशाने आक्षेप घेतल्याचं ऐकलं नाही, तेवढं समाधान.

औषधांचं थोडक्यात : मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, चिठ्ठीत औषधाचं मूळ रासायनिक नाव, आणि काही दिवसांची हातातल्या बॅगेत.

व्हीलचेअरवर मात्र थांबते. लाज वाटते म्हणून पुष्कळ जण ती मागत नाहीत, किंवा दोघांत एकच मागतात, “ह्यांना नको, हे चालतात.” फेब्रुवारी 2024मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेलं एक वृद्ध जोडपं आठवा. दोघांनीही खुर्ची मागितलेली होती. एकच आली. तीवर पत्नी बसल्या आणि 80 वर्षांचे ते गृहस्थ मागून चालत निघाले, इमिग्रेशनपर्यंतचं ते न संपणारं अंतर. तिथेच कोसळले आणि गेले. त्या विमान कंपनीला पुढे 30 लाखांचा दंड झाला. इंदूरच्या माणसाला आपल्या देवी अहिल्याबाई विमानतळाची सवय. दारातून शिरलं की दहा मिनिटांत विमान. मुंबईत देशांतर्गत विमान एका टर्मिनलला आणि परदेशाचं दुसऱ्या टर्मिनलला असेल तर मध्ये रस्त्यावरून गाडीने जावं लागतं, बॅगा कुणी पुढे पाठवतो की आपणच उचलायच्या हे तिकिटावर अवलंबून. तेव्हा मागायच्या दोन खुर्च्या, तिकीट काढतानाच, आणि दुसरी येईपर्यंत पहिलीने हलायचं नाही. हे वाक्य मला तुमच्या सभागृहाच्या फलकावर हवंय.

नोव्हेंबर हा आणखी एक विषय. आपले निम्मे सभासद पेन्शनवर जगतात आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने मी हा महिना आयुष्यभर बघितलाय. डिसेंबरात पेन्शन थांबली म्हणून मुलगा धावत यायचा, “बाबा ऑस्ट्रेलियात आहेत.” आता 2014पासून जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन दाखल्याची सरकारी सोय आहे, 2021पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, 80 पूर्ण झालेल्यांना तो एक ऑक्टोबरपासूनच देता येतो. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही चालते. पण आपल्या बँकेला काय चालतं ते निघण्याआधी विचारायचं आणि इथलं सिमकार्ड रोमिंगवर जिवंत ठेवायचं, नाहीतर ओटीपी इंदुरात रिकाम्या घरात वाजत राहतो.

एक विषय कुणीच काढत नाही, तो मी लिहिते. परदेशात माणूस गेला तर काय? आपल्या ओळखीतल्या एका घरावर हा प्रसंग आला. मृत्यूचा दाखला, मृतदेहावर रासायनिक प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, भारतीय वकिलातीची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट, यासाठी जावई चार कचेऱ्या हिंडत होता आणि मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन घरी बसली होती. विम्यात मृतदेह मायदेशी आणण्याची तरतूद आहे की नाही, हे निघताना बघून ठेवायला दोन मिनिटं लागतात. घरी बोलायला जीभ रेटत नाही. टेबलापलीकडे बसलेल्या परक्या माणसाने विचारलं तर उत्तर देता येतं. त्या घरचे काका मदतीला बसायला तयार आहेत, मी त्यांना विचारलंय.

आता तुमचे आक्षेप. “हे सांस्कृतिक मंडळाचं काम नव्हे.” 1818च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली आणि त्यामागून आपले पणजोबा कारकुनीला, वैद्यकीला, शिक्षकीला आले. त्या लोकांनी परमुलुखात फक्त कीर्तनं नाही केली. मुलांसाठी शाळा उभ्या केल्या, अडीअडचणीला पतपेढ्या काढल्या. नाटकं त्यानंतरची. “कायद्याची जबाबदारी कोण घेणार?” कुणीच घ्यायची नाही. टेबलावर कुणाचा अर्ज भरून द्यायचा नाही, कुणाच्या पासपोर्टची झेरॉक्स ठेवायची नाही, एक रुपया घ्यायचा नाही, व्हिसा मिळेल असं कुणाला सांगायचं नाही. अर्जदाराने स्वतःचा अर्ज मोठ्याने वाचायचा आणि आपण ऐकायचं, एवढंच काम. नियम त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्याच दिवशी उघडून बघायचे, कारण ते बदलतात. मी इथे लिहिलेलेही उद्या बदलतील. “त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू.” नको. त्यावर दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं आणि तिसऱ्या दिवशी एजंट आत शिरतो.

आणि एक गोष्ट जर्मनीत जाणाऱ्या आजोबांना मुद्दाम सांगा, म्हणजे ते जरा ताठ मानेने उतरतील. तिथे कचरा चार-पाच डब्यांत वेगळा करावा लागतो आणि नवखे लोक घाबरतात. इंदूरकराला ते कुणी शिकवायला नको. 2017पासून स्वच्छतेत देशात पहिले येतोय, ओला-सुका आपल्या हातात बसलाय. आमच्या ह्यांनी तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकून बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात हे कळल्यावर रोज संध्याकाळी पिशवी घेऊन फेरी सुरू केली. सोमवार ते शुक्रवारचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. रविवारी मात्र मिक्सर लावायचा नाही, शेजारी तक्रार करतात. चटणी शनिवारीच वाटून ठेवायची.

तुमची पुढची बैठक नवरात्रानंतर आहे असं कळलं. निर्णय त्याच बैठकीत घ्या, म्हणजे पहिलं टेबल दिवाळीच्या आधी लागेल. नोव्हेंबरच्या दाखल्यांची आणि थंडीत ऑस्ट्रेलियाला निघणाऱ्यांची गर्दी तेव्हाच असते. बसायला माझ्यासकट माणसं तयार आहेत : एक निवृत्त पोस्टमास्तर, एक शाळेच्या बाई, परदेशातल्या मृत्यूचा तो प्रसंग सोसलेले काका, आणि टाइप करायला कॉलेजची दोन मुलं. तुमच्याकडून एक टेबल, सहा खुर्च्या आणि चालू असलेला एक प्लग हवा. प्रिंटर मी घरचा आणीन. फक्त तो दुसऱ्या मजल्यावर चढवायला कुणीतरी तरुण सभासद द्या, तुमची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.

आपली,
एक आजीव सभासद
(निवृत्त बँक अधिकारी)
सुदामानगर, इंदूर